प्रोग्रामिंग, संगणकशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांची पुस्तकं कशी निवडावीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मेकॅनिकलची पदवी घेऊन तुम्ही आयटीत आलात आणि दोन वर्षं जावामध्ये बॅकएंडचं काम करता आहात. तिकिटं, म्हणजे नेमून दिलेली कामं, वेळेत बंद होतात, पण फ्रेमवर्कच्या (ज्या तयार सांगाड्यावर कोड लिहितो त्याच्या) आत काय चालतं ते कळत नाही. आता अर्धा कोड एआय लिहून देतं, त्यामुळे आपल्याला स्वतःला नेमकं काय येतं ही शंका छळते. म्हणून संगणकशास्त्राचा पाया भरायचा आहे, आणि विचार स्वच्छ व्हावा म्हणून तत्त्वज्ञानही वाचायचं आहे. याद्या बघून पुस्तकं घेतलीत (स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कवरचं एक, कॉर्मेन, नुथ, नीत्शेचं 'झरथुस्त्र', 'गोडेल, एशर, बाख'), प्रत्येकाची तीस-चाळीस पानं झाली आणि पुढं राहून गेलं. आता दहा पुस्तकांची क्रमवार यादी हवी आहे. इंग्रजी वाचनाचा वेग कमी असल्यामुळे मराठीत काही असेल तर तेही.

क्रमवार यादी देणं मी टाळतोय, कारण तुमच्याकडे यादी आहेच आणि तिचा उपयोग झालेला नाही. मी बरीच वर्षं हेच काम करतो आणि कामावर नव्यानं आलेल्या मुलामुलींबरोबर पुस्तकं वाचतो. त्यात सारखं दिसतं ते हे, की पुस्तक उघडताना वाचणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा प्रश्न नसेल तर ते पन्नासाव्या पानाच्या आतच सुटतं. सोपं असलं तरी सुटतं. आणि प्रश्न असेल तर अवघड पुस्तकही लोक रेटून नेतात. तेव्हा 'कोणती दहा पुस्तकं' याच्या आधी 'माझं कुठं अडतंय' हे ठरवावं लागेल. तुमच्या लिहिण्यात मला तीन वेगवेगळ्या अडचणी दिसतात: रोजचा जावा कोड चांगला लिहिता येत नाही, यंत्राच्या आत काय होतं ते माहीत नाही, आणि 'मला येतं' म्हणजे काय हेच कळत नाही. पहिली प्रोग्रामिंगची, दुसरी संगणकशास्त्राची, तिसरी खरोखरच तत्त्वज्ञानाची. प्रत्येकीसाठी पुस्तक वेगळं लागेल आणि ते वाचण्याची रीतही वेगळी.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. रोज सकाळी सलग तासभर मिळत असेल तर पुढं सांगितलेलं जसंच्या तसं करता येईल. कंपनीच्या बसमधला वेळ एवढाच हातात असेल, तर सराव लागणारी पुस्तकं शनिवार-रविवारकडे ढकलावी लागतील. सहा महिन्यांत नोकरी बदलायचीच असेल, तर मुलाखतीची तयारी हे वेगळं काम आहे, ते आधी उरका. त्याला वाचनाची जोड दिलीत तर दोन्ही बिघडतात. गणिताचं म्हणाल तर मेकॅनिकलवाल्याला कॅल्क्युलस येतं, पण इथं लागतं ते तर्क, संच, मोजणी आणि विगमन, म्हणजे इंडक्शन. ते दोन महिन्यांत जमण्यासारखं आहे.

आता निवडीची पहिली चाळणी, पुस्तकाचं वय. एखाद्या फ्रेमवर्कच्या ठरावीक आवृत्तीवरचं पुस्तक दोन-तीन वर्षांत शिळं होतं. तुमच्याकडचं स्प्रिंगचं जाडं पुस्तक त्यातलं. ते विकत घेण्याची गरजच नव्हती, त्याचं काम अधिकृत डॉक्युमेंटेशन करतं आणि तेच ताजं असतं. भाषा आणि कारागिरीवरची पुस्तकं दहा-वीस वर्षं टिकतात. पायाची पुस्तकं त्याहून जास्त. कर्निघन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज' १९७८ साली आलं, १९८८ साली दुसरी आवृत्ती आली, आणि पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, समजून घ्यायला आजही मी तेच हातात देतो. त्याच्या पाचव्या प्रकरणात एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, दुसरीकडे उतरवणारं छोटंसं फंक्शन आहे. आधी अ‍ॅरेच्या इंडेक्सनं, मग पॉइंटरनं, मग आणखी आवळून, शेवटी लूपच्या पोटात काहीच उरत नाही आणि सगळं काम लूपच्या अटीतच होतं. ती दोन पानं कागदावर मेमरीचे चौकोन काढून वाचलीत, तर जावातलं 'नल पॉइंटर एक्सेप्शन' (जिथं काहीच नाही तिथं हात घातल्यावर येणारी एरर) तुम्हाला वेगळ्या नजरेनं दिसेल.

पण सुरुवात सीपासून करू नका. दिवसातले आठ-नऊ तास जिथं जातात तिथून करा. जावासाठी जोशुआ ब्लॉक यांचं 'इफेक्टिव्ह जावा', तिसरी आवृत्ती, २०१८. त्यात ९० स्वतंत्र मुद्दे आहेत. क्रमानं वाचायची गरज नाही. आठवड्याला एक मुद्दा घ्या, आणि तो आपल्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये कुठं पाळला आहे, कुठं मोडला आहे ते शोधा. इक्वल्स आणि हॅशकोड (ऑब्जेक्टची तुलना करताना लागणारी फंक्शन्स) यांवरचे मुद्दे वाचून कुणी स्वतःच्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये शोध घेतला आणि काहीच सापडलं नाही, असं माझ्या पाहण्यात नाही.

याच ब्लॉक यांनी २००६ साली एक लेख लिहिला होता, तो मी प्रत्येकाला वाचायला लावतो. बायनरी सर्च, म्हणजे क्रमानं लावलेल्या यादीत दर वेळी मधला घटक बघून निम्मा भाग सोडत जाणं, संगणकवाले दुसऱ्या वर्षाला शिकतात. मधला इंडेक्स काढायचा तर खालचा आणि वरचा मिळवून दोननं भागायचं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हेच लिहिलेलं होतं आणि ते सुमारे नऊ वर्षं चुकीचं होतं. अ‍ॅरे फार मोठा असला, शंभर कोटींच्या पलीकडे, तर दोन इंडेक्सची बेरीज इंटच्या, म्हणजे जावातल्या ठरावीक आकाराच्या पूर्णांकाच्या, मर्यादेबाहेर जाते, उत्तर ऋण येतं आणि प्रोग्राम कोसळतो. जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या नावाजलेल्या पुस्तकात, जिथं हा अल्गोरिदम बरोबर असल्याची सिद्धता दिली आहे, तिथंही हीच चूक होती. सिद्धता गणितातल्या पूर्णांकांची होती, यंत्रातला इंट म्हणजे तो पूर्णांक नव्हे. या एका लेखात प्रोग्रामिंग आहे, संगणकशास्त्र आहे, आणि 'सिद्ध झालं' म्हणजे नक्की काय झालं हा तत्त्वज्ञानातला प्रश्नही आहे. तुम्हाला हे तीन विषय वेगवेगळे कप्पे वाटतात. मला ते तसे वाटत नाहीत, म्हणून पुढं मी ते मिसळूनच लिहितोय.

दुसऱ्या अडचणीकडे येऊ, यंत्राच्या आत काय होतं. इथं दोन रस्ते आहेत आणि स्वभाव पाहून एकच धरायचा. तुम्ही मेकॅनिकलचे, हातानं बांधलेलं लवकर समजत असेल, तर निसान आणि शॉकेन यांचं 'द एलिमेंट्स ऑफ कम्प्युटिंग सिस्टिम्स' घ्या. त्यात नँड या एकाच गेटपासून (सर्किटच्या अगदी छोट्या तुकड्यापासून) सुरुवात करून तुम्ही अ‍ॅडर, मेमरी, सीपीयू, असेंबलर, कम्पायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) असं सगळं स्वतः उभं करता. लागणारी सॉफ्टवेअर संकेतस्थळावर मोफत आहेत. बसमध्ये वाचायला त्याच्याच जोडीला चार्ल्स पेटझोल्ड यांचं 'कोड' चालतं. रात्री टॉर्चनं एकमेकांना खुणा करणाऱ्या दोन मुलांपासून ते सुरू होतं आणि प्रोसेसरपर्यंत पोचतं. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, पेन्सिल लागते.

दुसरा रस्ता विचाराच्या बाजूनं जातो. तो मला जास्त जवळचा आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. एबलसन आणि सस्मन यांचं 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्राम्स'. पहिली आवृत्ती १९८५, दुसरी १९९६, आणि ती प्रकाशकानंच नेटवर मोफत ठेवली आहे. भाषा स्कीम. कंस बघून बरेच जण मागं फिरतात, पण स्कीमचं व्याकरण एका दुपारी संपतं. २०२२ साली जावास्क्रिप्टमधली आवृत्तीही आली आहे, कंस नकोच असतील तर ती घ्या.

पहिल्याच प्रकरणात वर्गमूळ काढायचा प्रोग्राम आहे. न्यूटनची पद्धत: एक अंदाज घ्या, मूळ संख्येला त्या अंदाजानं भागा, आलेला भागाकार आणि अंदाज यांची सरासरी काढा, तो नवा अंदाज. अंदाजाचा वर्ग मूळ संख्येपासून ०.००१ पेक्षा कमी अंतरावर आला की थांबा. वाचताना अगदी सरळ वाटतं. पुढं सराव १.७ मध्ये विचारलं आहे, की ही थांबण्याची अट फार लहान आणि फार मोठ्या संख्यांना का चालत नाही ते दाखवा. आता ०.०००१ ही संख्या घेऊन बघा. वर्गमूळ ०.०१ यायला हवं. १ पासून सुरुवात करून अंदाज निम्मे-निम्मे होत ०.०३२३ वर येतो. त्याचा वर्ग साधारण ०.००१०४, फरक ०.०००९४, म्हणजे ०.००१ पेक्षा कमी. प्रोग्राम समाधानानं थांबतो आणि खऱ्या उत्तराच्या तिपटीहून मोठं उत्तर देतो. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. नुसतं वाचून पुढं गेलेल्याला हे कधीच दिसत नाही, चालवून पाहणाऱ्यालाच दिसतं. या पुस्तकाचे सराव म्हणजेच पुस्तक आहे असं मी म्हणतो ते याचसाठी. मजकूर त्या सरावांपर्यंत नेऊन सोडण्यापुरता आहे.

त्याच ठिकाणी लेखक एक गोष्ट सांगून जातात. 'ज्याचा वर्ग क्ष येतो ती ऋण नसलेली संख्या' ही वर्गमूळाची अगदी अचूक व्याख्या झाली, पण तिच्यावरून वर्गमूळ काढता येत नाही. काय आहे हे सांगणं वेगळं, कसं करायचं हे सांगणं वेगळं. गणिताला पहिल्याची काळजी, प्रोग्रामिंगला दुसऱ्याची. हा फरक मनात धरून ठेवा, तत्त्वज्ञानाकडे जायची वाट इथूनच निघते.

त्याआधी, तुमच्याकडे असलेल्या दोन जाड ग्रंथांबद्दल. कॉर्मेन आणि सहकाऱ्यांचं अल्गोरिदमचं पुस्तक हजारावर पानांचं आहे, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी वाचत नाही, तुम्हीही वाचू नका. दुसरं प्रकरण मात्र नीट करा. इन्सर्शन सॉर्ट तुम्हाला येतोच, तिथं शिकायचं आहे ते लूप इन्व्हेरियंट: लूप सुरू होण्याआधी काय खरं आहे, प्रत्येक फेरीनंतर ते खरं कसं राहतं, आणि लूप संपल्यावर त्यावरून काय हाती येतं. ही सवय लागली की कोड रिव्ह्यूमध्ये तुमचे शेरे बदलतात. बाकीचं पुस्तक कोशासारखं, लागेल तेव्हा उघडायचं. नुथ यांचा पहिला खंड १९६८चा. मोठं काम आहे, आणि चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचं बक्षीस देत आले आहेत, इतकी त्यात काळजी आहे. पण त्याचं गणित तुम्हाला आज पहिल्या वीस पानांतच अडवेल. सध्या बाजूला ठेवा, विकू नका. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी 'थ्री ईझी पीसेस' नेटवर मोफत आहे आणि गोड भाषेत लिहिलेलं आहे. डेटाबेस आणि वितरित प्रणालींसाठी क्लेपमन यांचं 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स'. दोन्ही वर्षभरानंतर. 'डिझाइन पॅटर्न्स' हे १९९४चं, २३ पॅटर्नचं (कोडच्या रचनेच्या नेहमी लागणाऱ्या साच्यांचं) पुस्तक सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकच्या उदाहरणांवर उभं आहे. एखादा पॅटर्न तुमच्याच कोडमध्ये नाव न देता वापरलेला सापडला, की त्याचं प्रकरण उघडा. उलट्या दिशेनं गेलात तर नको तिथं 'फॅक्टरी'सारखे पॅटर्न उभे राहतात.

आता तत्त्वज्ञान. इथं लोक दोन पद्धतींनी अडकतात. काही जण थेल्सपासून इतिहास वाचायला घेतात आणि अ‍ॅरिस्टॉटल येईपर्यंत थकतात. काही जण सगळ्यात गाजलेलं नाव उचलतात. तुमचं 'झरथुस्त्र' त्यातलं. नीत्शे ज्यांच्याशी भांडतो त्यांचं म्हणणं माहीत नसेल, तर ते भांडण नुसतं जोरदार वाटतं, समजत नाही. माझं सांगणं असं, की तत्त्वज्ञानातही प्रश्न धरून जा, आणि पहिलं वर्ष मोठ्या ग्रंथांऐवजी छोटे लेख आणि छोटी पुस्तकं वाचा. वीस पानांचा एक युक्तिवाद तीनदा वाचणं हे पाचशे पानं एकदा वाचण्यापेक्षा जास्त काम देतं.

तुमचा प्रश्न आहे, 'मला येतं म्हणजे काय?' यावर गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' लिहिलं. त्याचं दुसरं प्रकरण वाचा. एखादी गोष्ट अशी आहे हे माहीत असणं आणि ती करता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी म्हणजे पहिलीचीच नियमावली मनात म्हणत काम करणं नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कारण नियम लावायचा तर तो कुठं आणि कसा लावायचा हे कळायला आणखी नियम लागेल, मग त्यालाही आणखी, आणि काम सुरूच होणार नाही. वर्गमूळाची व्याख्या आणि वर्गमूळ काढणं यांतला फरक आठवा. राइल त्याच्याही एक पायरी पुढं जातात: 'कसं करायचं' याची कृती लिहून दिली, तरी ती कुठं कोलमडेल हे ओळखणारी जाण त्या लिहिण्यात येत नाही. सराव १.७ मध्ये तुम्ही नेमकं तेच बघितलंत.

राइलनंतर लगेच पीटर नाउर यांचा १९८५चा 'प्रोग्रामिंग अ‍ॅज थिअरी बिल्डिंग' हा लेख घ्या. नाउर म्हणजे प्रोग्रामिंगच्या भाषांचं व्याकरण लिहिण्याच्या बॅकस-नाउर पद्धतीतले नाउर. राइलचा विचार घेऊन ते सांगतात, की प्रोग्राम लिहिणं म्हणजे मुख्यतः कोड तयार करणं नाही, तर प्रश्नाची आणि उत्तराची एक समज मनात घडवणं. उदाहरण त्यांनी कम्पायलरचं दिलं आहे. एका गटानं कम्पायलर लिहिला. दुसऱ्या गटाला तो थोड्या वेगळ्या भाषेसाठी वाढवायचा होता. सगळं डॉक्युमेंटेशन, भाष्यासह पूर्ण कोड आणि मूळ गटाचा सल्ला, असं सगळं त्यांना मिळालं. तरी दुसऱ्या गटानं सुचवलेले बदल मूळ रचनेतल्या सोयी न वापरता वरून ठिगळं लावणारे होते. मूळ गटाला ते पाहताक्षणी कळलं आणि त्यांनी त्याच रचनेत बसणारे सोपे उपाय दाखवले. समज कागदावर उतरलेली नव्हती, ती माणसांमध्ये होती.

हा लेख तुमच्या एआयबद्दलच्या शंकेवर थेट बोट ठेवतो. कोड आला, चाललाही, पण त्याची समज कुणाकडे आहे? तिकीट बंद झाल्यावर महिन्याभरानं त्यात बदल करायला सांगितला आणि कुठं हात घालायचा ते तुम्हाला कोड न उघडता साधारण सांगता आलं, तर तो कोड तुम्हाला येतो, मग टाइप कुणीही केलेला असो. सांगता येत नसेल तर तो तुमच्या नावावर फक्त जमा आहे. मी हीच कसोटी माझ्या टीमला लावतो, आणि ती मला कोणत्याही टेक्निकल पुस्तकातून मिळाली नसती.

एआयचं दुसरं टोक, यंत्र विचार करतं का, यासाठी पुस्तक घेऊ नका, दोन लेख वाचा. ट्युरिंग यांचा 'माइंड' नियतकालिकातला १९५०चा लेख आणि जॉन सर्ल यांचा १९८०चा 'चायनीज रूम'चा लेख. ट्युरिंग आपल्या विरोधातले नऊ आक्षेप स्वतःच मांडतात आणि एकेकाला उत्तर देतात. कोणतं उत्तर तुम्हाला कच्चं वाटलं ते वहीत लिहा, आणि मग सर्लकडे जा. हॉफस्टाटर यांचं 'गोडेल, एशर, बाख' तुमच्याकडे आहे. ते १९७९चं पुस्तक सुंदर आहे, पण ते जिथं रमतं ती गोडेलची सिद्धता, औपचारिक तर्क आणि स्वतःकडेच बोट दाखवणारी विधानं यांची थोडी ओळख आधी असली तर त्याचा खरा आनंद मिळतो. लूप इन्व्हेरियंट आणि विगमन पक्कं झाल्यावर उघडा.

अगदी सामान्य सुरुवात हवी असेल तर बर्ट्रंड रसेल यांचं १९१२चं 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी'. लहान आहे, इंग्रजी स्वच्छ आहे, नेटवर मोफत मिळतं. पहिल्या प्रकरणात ते समोरचं टेबल घेतात आणि त्याचा रंग, आकार, कठीणपणा यांतलं टेबलाचं स्वतःचं काय आणि पाहणाऱ्यामुळे आलेलं काय, असं विचारत जातात. एका बैठकीत एक प्रकरण होतं.

आपल्याकडचं एक पुस्तक मी आग्रहानं सुचवेन, आणि ते डीबगिंगसाठी, म्हणजे कोडमधली चूक शोधण्यासाठी: अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह'. सतराव्या शतकातला, न्यायशास्त्राच्या (भारतीय तर्कशास्त्राच्या) विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला अगदी छोटा ग्रंथ. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची इंग्रजी टिपांसह आवृत्ती जुनी आणि भक्कम आहे. अनुमानाचा भाग तेवढा वाचा. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे. हे बरोबर, कारण जिथं धूर तिथं आग. पण उलट म्हणता येतं का, की आग आहे म्हणून धूर असणारच? नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा बघा, आग आहे, धूर नाही. धूर यायला सरपण ओलं असावं लागतं. ही लपून राहिलेली अट म्हणजे 'उपाधी'. उपाधी सापडली की अनुमान मोडतं.

आता कामावर बघा. शुक्रवारी रिलीज झालं, म्हणजे नवा कोड चालू केला, आणि एपीआय (आपल्या सिस्टिमला बाहेरून विनंत्या येतात ती खिडकी) संथ झाला. सगळे म्हणतात, नव्या कोडमध्ये घोळ आहे, कारण मागच्याही वेळी रिलीजनंतर असंच झालं होतं. इथं ओलं सरपण कोणतं? रिलीज झालं की सर्व्हर रीस्टार्ट होतात, कॅश (पटकन मिळावी म्हणून जवळ ठेवलेली माहिती) रिकामी होते, पहिली काही मिनिटं सगळं डेटाबेसवर जातं. मग तपास सोपा आहे: जुनाच कोड ठेवून नुसतं रीस्टार्ट करा. तरीही संथ झालं तर नवा कोड निर्दोष, निदान या बाबतीत. 'दर वेळी असंच होतं' हे ऐकलं की 'उपाधी काय?' असं विचारायची सवय मला या पुस्तकानं लावली, आणि नव्या मुलांना पाच प्रकारचे हेत्वाभास, म्हणजे कारणासारखी दिसणारी पण खोटी कारणं, शिकवायला अर्धा दिवस पुरतो.

पुस्तक हातात घेतल्यावर ते आपल्यासाठी आहे का, हे कसं ओळखायचं? प्रस्तावना वाचून ठरवू नका, प्रस्तावना सगळ्यांच्याच चांगल्या असतात. मधलं एखादं प्रकरण उघडा, ज्यातलं तुम्हाला थोडं येतं असं. तांत्रिक पुस्तक असेल तर त्यातला एक सराव करून पाहा, तत्त्वज्ञानाचं असेल तर एका पानाचा युक्तिवाद पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहा. अर्ध्या तासात थोडं पुढं सरकलात आणि थोडं अडलात, तर पुस्तक योग्य. काहीच अडलं नाही तर ते चाळून परत द्या. एकही ओळ सरकली नाही तर ते वर्षभरानंतरचं. अप्पा बळवंत चौकात किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे उभं राहून हे करता येतं. ऑनलाइन घेत असाल तर नमुन्याचं प्रकरण डाउनलोड करा. पाठ्यपुस्तकांच्या भारतीय स्वस्त आवृत्त्या असतात, आधी त्या बघा.

एका वेळी दोनच पुस्तकं चालू ठेवा: एक कॉम्प्युटरसमोर बसून करायचं, एक त्याच्याशिवाय वाचायचं. पहिल्या सहा महिन्यांसाठी मी तुमच्या जागी असतो तर सकाळी एबलसन-सस्मनचं पहिलं प्रकरण, सरावांसह. प्रवासात रसेल, मग राइलचं प्रकरण, मग नाउर. आणि कामावर आठवड्याला 'इफेक्टिव्ह जावा'तला एक मुद्दा. नोकरी सांभाळून एवढं एक प्रकरण नीट व्हायला दोन-तीन महिने लागतात, ते लागू द्या. सराव एआयकडून सोडवून घेऊ नका. स्वतःचं उत्तर लिहून झाल्यावर त्याला सांगा, 'हे कुठल्या इनपुटला मोडेल ते शोध.' मग ते इनपुट स्वतः चालवून पाहा, कारण तेही चुकतं. शक्य असेल तर ऑफिसातला एक सोबती शोधा आणि आठवड्यातून एकदा फळ्यासमोर उभं राहून एकमेकांना एक सराव समजावून सांगा.

मराठीचं विचारलंत. संगणकशास्त्राच्या पायाची पुस्तकं मला इंग्रजीतच सुचवावी लागतात. तिथं भाषा साधी असते आणि कोड सोबत असतो, त्यामुळे वेग कमी असला तरी चालतं. तत्त्वज्ञानाचं मात्र तसं नाही, मराठीत भरपूर आणि कसदार लेखन झालं आहे. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' मोठ्या ग्रंथालयांत मिळतो. मराठी विश्वकोश नेटवर मोफत आहे. राइल किंवा रसेल वाचताना एखादी संकल्पना अडली की आधी तिथली नोंद वाचा आणि मग इंग्रजीकडे परत या, वेग आपोआप वाढतो. दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरातून सुरू केलेल्या 'आजचा सुधारक'चे जुने अंक नेटवर आहेत, त्यांत युक्तिवाद कसा मांडावा आणि कसा तपासावा याचे उत्तम नमुने सापडतात. मराठीतले तत्त्वचिंतक मे. पुं. रेगे यांचं जे हाती लागेल ते वाचा, अवघड गोष्ट पातळ न करता सोपी कशी सांगायची ते त्यांच्याकडून शिकावं.

आणि घरात 'गीतारहस्य' असेलच, तर ते धार्मिक ग्रंथ म्हणून बाजूला ठेवू नका. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ साली छापलेलं हे पुस्तक सुरुवातीच्या प्रकरणांत पाश्चात्त्य नीतिशास्त्राची सविस्तर उलटतपासणी करतं. 'कर्मजिज्ञासा', 'आधिभौतिक सुखवाद' आणि 'सुखदुःखविवेक' ही तीन प्रकरणं घ्या. टिळकांची भाषा पहिली दहा पानं जड जाते, मग लय सापडते. त्यांनी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्याचं म्हणणं जिथं खोडलं आहे तिथं थांबा, मिलचं 'युटिलिटेरियनिझम' उघडा, पाचच प्रकरणांचं आहे आणि मोफत मिळतं. टिळकांनी समोरच्याची बाजू पुरती मांडली आहे का, आणि खोडताना कुठली पायरी गाळली आहे का, ते दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून तपासा. कोड रिव्ह्यू करता त्याच कडकपणानं करा, आणि जे सापडेल ते इथं लिहा, मला वाचायला आवडेल.